ठकीचा पगार : कुत्र्याला शिकवताना काय द्यायचं, किती द्यायचं आणि बेदाणा का नाही

तासगावहून कुणी घरी आलं की हातात बेदाण्याचा पुडा असतोच. सांगलीकरांना हे सांगायला नको. आमच्या ओट्यावर असाच अर्धा किलोचा पुडा होता आणि माझा धाकटा, वय वर्षं नऊ, आमच्या ठकीला ‘बस’ शिकवत होता. कुत्रं खाली बसलं की लगेच काहीतरी चवीचं द्यायचं, एवढं त्याने मोबाईलवर पाहिलं होतं. ठकी बसली, एक बेदाणा. पुन्हा बसली, आणखी एक. अर्ध्या तासात ठकीला ‘बस’ पक्कं आलं.

मी मंडईतून परत आले तेव्हा दोघंही खुशीत होते. बेदाणा कुत्र्याला विष ठरू शकतो, म्हणून लगेच डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पुडा किती ग्रॅमचा होता? आता वजन करा.” स्वयंपाकघरातल्या काट्यावर चारशे चाळीस भरले. त्यातले काही पोराच्या पोटात गेले असणार, पण हिशेब लावायला वेळ नव्हता. दवाखान्यात उलटीचं औषध दिलं, फुगलेले बेदाणे बाहेर पडले. मग दोन दिवस सलाईन, तीन वेळा रक्ततपासणी. ठकी वाचली. बिलाचा आकडा सांगत नाही, तेवढ्या पैशांत तिला वर्षभराचं चिकन आलं असतं.

हे सगळं आत्ता सांगण्याचं कारण असं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा भटक्या कुत्र्यांबद्दलचा ११ तारखेचा आदेश आला, मग २२ तारखेला त्यात दुरुस्ती झाली, आणि ‘आपल्या दारातल्या कुत्र्यांचं काय होणार’ ही चर्चा विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीतही रंगली. त्या भरात तीन घरांनी गावठी पिल्लं आत घेतली. आता तिन्ही घरं मला एकच विचारतात : शिकवताना द्यायचं काय? दुकानातलं पाकीट परवडत नाही, आणि घरातलं काय चालतं ते कळत नाही.

## ही लाच नव्हे, पगार

आधी खाऊ कशासाठी देतो ते बघू. १८९८ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांजरांना कडी असलेल्या खोक्यात ठेवून प्रयोग केले. कडी उघडली की बाहेर खाणं. मांजर सुरुवातीला नुसती धडपडायची. पण ज्या हालचालीने दार उघडायचं ती हालचाल हळूहळू लवकर व्हायला लागली, बाकीच्या गळून पडल्या. ज्या कृतीनंतर चांगलं काही घडतं ती कृती वाढते, एवढंच त्यातलं मर्म. शास्त्रात याला सकारात्मक प्रबलन म्हणतात. हा शब्द इथेच सोडून देते आणि पुढे ‘पगार’ म्हणते.

शेजारचे काका म्हणतात, “ही तर लाच झाली. खाऊ दाखवल्याशिवाय ऐकणार नाही ते.” त्यांची शंका रास्त आहे, कारण बहुतेक जण खरोखर लाचच देत असतात. लाच कामाआधी दाखवतात, पगार काम झाल्यावर मिळतो. हातात चिकनचा तुकडा नाचवत “ये ये ये” म्हणणं ही लाच. हाक मारली, कुत्रं आलं, मग खिशातून तुकडा निघाला, हा पगार. पहिल्या दोन-चार वेळा वाट दाखवायला तुकडा नाकापुढे धरायला हरकत नाही. पाचव्या वेळी हात रिकामा हवा.

पगार वेळेवर मिळायला हवा, आणि ‘वेळेवर’ म्हणजे काय, हे आपल्या भागात उसावरून समजावणं सोपं जातं. ऊस कारखान्याला घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे. बिल लांबलं तर शेतकरी रस्त्यावर उतरतो, पण कुठल्या उसाचं बिल राहिलंय हे त्याला पक्कं माहीत असतं. कुत्र्याला ते माहीत नसतं. त्याचं बिल एखाद-दोन सेकंदांत चुकतं करावं लागतं. ठकी बसली, तुम्ही डबी शोधली, झाकण उघडलं, तोवर ती उठून उभी राहिली आणि तेव्हा तुकडा मिळाला, तर तिच्या हिशेबी पगार उठण्याचा झाला.

यावर तोड आहे. काट्यावर उसाची गाडी वजन झाली की पावती हातात पडते, पैसे मागून येतात, पण पावती मिळाली की जीव भांड्यात पडतो. कुत्र्यालाही पावती देता येते : एक ठरलेला छोटा शब्द. आम्ही “हां!” म्हणतो. बूड जमिनीला टेकलं त्याच क्षणी “हां!” आणि मग दोन-तीन सेकंदांत तुकडा. आधी काही दिवस नुसतं “हां!” आणि तुकडा, “हां!” आणि तुकडा, असं विनाकाम केलं की शब्दाला किंमत येते. रशियाच्या इवान पावलोव्ह यांच्या कुत्र्यांना जेवणाआधीच्या खुणेनेच लाळ सुटायची, तोच हा प्रकार. त्यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते मात्र पचनक्रियेच्या अभ्यासासाठी.

“आमच्या वेळी एक फटका दिला की कुत्रं सरळ यायचं,” असंही कुणीतरी म्हणतंच. यायचं, खरं आहे. पण २०२० मध्ये पोर्तुगालमधल्या संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांचं निरीक्षण केलं. शिक्षा आणि दरडावणी वापरणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि लाळेतलं ताणाचं संप्रेरकही शिकवणीनंतर जास्त वाढलेलं निघालं. शिवाय फटक्याने कुत्रं काय करायचं नाही तेवढं शिकतं, काय करायचं ते नाही.

## बारा किलोच्या कुत्र्याचं बजेट

आता मुख्य गणित. शिकवणीचा खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, हा पशुवैद्यकातला रूढ नियम आहे. उरलेले नव्वद टक्के समतोल जेवणातून यायला हवेत, नाहीतर कॅल्शियम, जीवनसत्त्वं वगैरेंचा ताळमेळ बिघडतो.

पण दिवसाच्या कॅलरी किती? मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर निघतात. ठकीचं वजन १२ किलो. १२ ला १२ ने दोनदा गुणलं की १७२८. त्याचं वर्गमूळ ४१.६, त्याचं पुन्हा वर्गमूळ साधारण ६.४५. गुणिले ७०, म्हणजे ४५१. ही नुसतं पडून राहिली तरी लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या, रोज फिरणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी याला १.६ ने गुणतात : ७२२. हा अंदाज आहे, दोन कुत्र्यांची भूक सारखी नसते. तरी दहावा हिस्सा काढला की ठकीच्या खाऊचं बजेट दिवसाला सत्तर कॅलरीच्या आसपास येतं.

सत्तर कॅलरीत काय बसतं?

चहाच्या टपरीवर आपण कुत्र्याला टाकतो ते ग्लुकोज बिस्कीट एक घेतलं तरी वीसेक कॅलरीचं. साडेतीन बिस्किटांत ठकीचा दिवसाचा खाऊ संपला. साताऱ्याहून आलेला कंदी पेढा एकच दिला तर त्यात सहज ऐंशी-शंभर कॅलरी, म्हणजे बजेट फुटलंच. आपल्याला दिवसाला दोन हजार कॅलरी लागतात असं धरलं, तर ठकीने एक पेढा खाणं म्हणजे आपण जवळजवळ तीन खाणं. एक उकडलेलं अंडं पंच्याहत्तर कॅलरी. शेंगदाणे अवघे बारा ग्रॅम, नुसती चिमूट. उलट गाजर पावणेदोनशे ग्रॅम चालतं. आणि मीठ न घालता उकडलेलं बिनचरबीचं चिकन? बेचाळीस ग्रॅम.

बेचाळीस ग्रॅम ऐकून आमच्या सासूबाई म्हणाल्या, “एवढ्याशानं काय हुतंय? चार घास न्हाईत ते.” घास म्हणून चार नाहीतच. पण त्याचे पगार पंच्याऐंशी होतात, ते असे.

## भिजवलेल्या हरभऱ्याएवढा तुकडा

रविवारी मी पाव किलो बोनलेस चिकन आणते. पाण्यात, नुसत्या पाण्यात, उकडते. मीठ नाही, हळद नाही, कांदा तर नाहीच. गार झालं की बोटाएवढ्या लांब पट्ट्या, पट्ट्या आडव्या करून आणखी बारीक, मग सुरी झपाझप चालवून चौकोनी तुकडे. भिजवलेल्या हरभऱ्याएवढा तुकडा साधारण अर्धा ग्रॅमचा भरतो, कॅलरी एकही पूर्ण नाही. उकडल्यावर चिकनचं वजन घटतं, पाव किलोचं एकशे सत्तर-ऐंशी ग्रॅम उरतं. म्हणजे साडेतीनशे तुकडे. ताटात पसरून फ्रीझरमध्ये कडक करते, मग छोट्या डब्यांत भरते, नाहीतर सगळ्याचा एक गोळा होतो. रोज एक डबी खाली काढायची. उन्हाळ्यात वीज तासन्‌तास गेली आणि डब्या पाघळल्या तर त्या पुन्हा गोठवत बसायचं नाही.

समजा चिकन ३२० रुपये किलो. पाव किलोचे ऐंशी रुपये, भागिले साडेतीनशे, म्हणजे तुकडा तेवीस पैशांना पडला. आता समजा दुकानातलं शंभर ग्रॅमचं पाकीट १८० रुपयांचं आहे आणि त्यात चाळीस कांड्या आहेत. एक कांडी साडेचार रुपयांना. पण तीच कांडी मोडून पाच तुकडे केले तर नव्वद पैसे. तेव्हा महाग काय नि स्वस्त काय, हे निम्मं तुमच्या सुरीवर ठरतं.

तुकडा लहान ठेवायला दुसरंही कारण आहे. शिकवणीत महत्त्वाचं असतं ते पगार किती वेळा मिळाला. मोठं बिस्कीट दिलं की कुत्रं ते कुरतडत बसतं, भुगा हुंगत फिरतं, आणि आपण काय शिकवत होतो ते दोघंही विसरतात. मऊ, चटकन गिळता येणारा तुकडा एका सेकंदात संपतो आणि डोळे परत आपल्याकडे येतात. चार-पाच मिनिटांच्या शिकवणीत वीस-पंचवीस वेळा पगार वाटता येतो. दिवसाला अशा तीन शिकवण्या झाल्या तरी पंच्याऐंशीच्या आत.

डबी उघडायला वेळ जातो म्हणून मी सासऱ्यांचा जुना पानाचा बटवा कमरेला लावते. नाडी ओढली की हात आत. बटवा दर दोन दिवसांनी धुवावा लागतो, एकदा विसरले तर मुंग्यांनीच शिकवणी लावली होती.

## दर परिस्थितीप्रमाणे

प्रत्येक वेळी चिकनच हवं असं नाही, आणि इथेच खरी बचत आहे. घरात, दार लावून, कुणी नसताना ‘बस’ शिकवायचं तर ठकी ज्वारीच्या भाकरीच्या वाळक्या तुकड्यावरही खूश असते. हीच ठकी आमराईत नेली की भाकरी हुंगतही नाही, कारण समोर खार असते, शेजारी दुसरं कुत्रं, आणि वाऱ्यावर तळलेल्याचा वास. तिथे भाकरीचा दर चालत नाही. शेतकरीसुद्धा ज्या कारखान्याचा दर चांगला त्याच्याकडेच ऊस नेतो.

म्हणून आमच्याकडे चार दर आहेत. घरात भाकरीचे तुकडे किंवा रोजच्या कोरड्या खाद्याचे दाणे. गल्लीत उकडलेलं रताळं, पनीर, अंड्याचा पांढरा भाग. आमराईत आणि आयर्विन पुलाकडे चिकन. सगळ्यात वरचा दर कोंबडीच्या कलेजीचा, तो फक्त ‘ये’ या हाकेसाठी राखून ठेवलाय, कारण गाडीखाली जाण्यापासून वाचवणारी हाक तीच. कलेजी चिकनपेक्षा स्वस्त मिळते आणि वास दांडगा. पण तिच्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं, ते शरीरात साठतं आणि जास्त झालं की हाडांना त्रास देतं. त्यामुळे कलेजी आठवड्यातून एक-दोनदा, चार-सहा तुकडे, बस्स.

सगळ्यात स्वस्त खाऊ तर तुम्ही आधीच विकत घेतलेला असतो. कुत्रं कोरडं खाद्य खात असेल तर सकाळच्या वाटीतले मूठभर दाणे बाजूला काढायचे आणि शिकवणीत तेच द्यायचे. ते समतोल जेवणच असल्याने त्याला दहा टक्क्यांची अटही नाही, फक्त वाटीत तेवढे कमी घालायचे. पिल्लांसाठी मी हेच सुचवते. दाणे नीरस वाटत असतील तर रात्री चिकनच्या दोन तुकड्यांबरोबर एका डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी दाण्यांना चिकनचा वास लागलेला असतो. कुत्र्याचं जग नाकावर चालतं, त्याला वास हीच अर्धी चव.

चिरमुऱ्यांचंही हेच करता येतं. बिनमिठाचे साधे चिरमुरे मिळाले तर एक दाणा म्हणजे नगण्य कॅलरी, शेकड्याने वाटा. पोटभरीचं नाही, पण पगारपावतीला झकास. भडंग मात्र आपल्यासाठी. त्यात मीठ, तिखट, तेल आणि वर लसूण, म्हणजे कुत्र्याला नको ते सगळं एका मुठीत.

## “आमच्याकडे मांस-मच्छी चालत नाही”

चालत नसेल तर नको. कुत्रा लांडग्याच्या वंशातला असला तरी तो माणसाच्या चुलीपाशी हजारो वर्षं वाढलाय. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्टमय पदार्थ पचवणारं विकर (एन्झाइम) बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त सापडल्या. आपल्या भाकरीने कुत्रा आतून बदलला, म्हणा ना. त्यामुळे रताळं, लाल भोपळा, गाजर, काकडी, घेवड्याच्या उकडलेल्या शेंगा, सफरचंदाच्या बिया काढलेल्या फोडी हे सगळं पगारात चालतं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी एखादी चालते, तिची बहुतेक कुत्र्यांना फारशी किंमत नसते.

वासाचा दर हवा असेल तर पनीर. घरी दूध फाडून, मीठ न घालता, दाबून, तेच हरभऱ्याएवढे तुकडे. पंचवीस ग्रॅममध्ये सत्तर कॅलरी होतात, म्हणजे चिकनपेक्षा महाग बजेट, पण पन्नास तुकडे निघतात. “दूधच का नको?” असं विचारतात. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, ती पचवणारं विकर वयाबरोबर कमी होतं, मग हगवण. पनीरमधून ती साखर बरीचशी पाण्याबरोबर निघून जाते.

शेंगदाण्याबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडे भुईमूग घरोघरी, पण पावसाळ्यात ओल लागलेल्या दाण्यांवर बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष कुत्र्याच्या यकृताला घातक असतं. कुबट वास येणारा दाणा ‘कुत्र्याला टाकू’ म्हणून बाजूला काढायचा नाही. वाळक्या भाकरीलाही हाच नियम : तव्यावर कडक भाजून हवाबंद डब्यात, नाहीतर फेकून.

## बेदाण्यात असं काय आहे?

सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, तासगावच्या बाजारात त्याचे सौदे होतात, आपल्या शिऱ्यात, खिरीत, प्रसादात तो असतो. माणसाला तो उत्तमच. म्हणून कुत्र्याला तो विष ठरू शकतो हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघतात जणू मी शेतकऱ्याच्या पोटावर पाय देतेय.

द्राक्षं आणि बेदाणे खाल्ल्यावर काही कुत्र्यांची मूत्रपिंडं एक-दोन दिवसांत निकामी होतात हे डॉक्टरांना बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं, कारण मात्र कळत नव्हतं. सुगावा लागला तो वेगळ्याच वाटेने. एका कुत्र्याने मुलांसाठी घरी बनवलेली खेळायची कणीक खाल्ली आणि त्याला तसाच मूत्रपिंडाचा आजार झाला. त्या कणकेत क्रीम ऑफ टार्टर नावाची पावडर होती, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. द्राक्षातलं मुख्य आम्ल तेच. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी हा धागा जुळवून दाखवला. हे आम्ल जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे कमीजास्त असतं. म्हणून एका कुत्र्याने घड फस्त केला तरी काही झालं नाही आणि दुसरं मूठभरावर आडवं झालं, असं घडतं. सुरक्षित असा आकडा कुणी देऊ शकत नाही. बेदाणा म्हणजे द्राक्षातलं पाणी गेलं, बाकी सगळं दाटलेलं, त्यामुळे तो द्राक्षापेक्षा जोखमीचा.

याच हिशेबात चिंचही येते. तिच्यात टार्टारिक आम्ल द्राक्षापेक्षा कितीतरी जास्त. चिंचेची गोळी, चिंचेच्या आमटीत कुस्करलेली पोळी, हे कुत्र्याच्या ताटलीत नको.

खाल्लंच तर उलटी होईल, मरगळ येईल याची वाट बघत बसू नका. पहिल्या दोनेक तासांत डॉक्टरांकडे पोचलं तर पोटातलं बाहेर काढता येतं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवणं हा जुना उपाय वेगळीच विषबाधा करतो, तो करू नका.

दुसरा धोका आपल्या मसाल्याच्या डब्यात आहे. कांदा आणि लसूण यांतली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा कांदा किलोमागे पंधरा-तीस ग्रॅम पोटात गेला की रक्तात बदल दिसतात, लसूण त्याहून कडक. एका चिमटीने कुत्रं मरत नाही, पण रोज रश्श्यात भिजवलेली भाकरी घातली की थोडंथोडं साचत जातं. कांदा-लसूण मसाला तर वाळवून दाटवलेलाच असतो. शिल्लक रश्श्यातलं चिकन पाण्याने धुऊन दिलं तरी मसाला आत मुरलेला असतो, ते चालत नाही.

बाकीचं भराभर : चॉकलेट नको. साखरविरहित च्युइंगममध्ये आणि काही पीनट बटरमध्ये असणारं झायलिटॉल अजिबात नको, त्याने रक्तातली साखर अर्ध्या तासातसुद्धा कोसळू शकते. शिजवलेली हाडं नकोत, ती चिरफळून आतड्यात रुततात. मक्याचं बुरकुंड आणि आंब्याची कोय आतड्यात अडकतात. सुकट-बोंबलाचा वास कुत्र्यांना वेड लावतो, पण खारवलेले असतील तर नकोत. बिनमिठाचे मिळाले तरी भिजवून, धुऊन, इवलासा तुकडा.

## पाकीटच घ्यायचं असेल तर

घ्या, प्रवासात ते सोयीचं पडतं. मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलंच नाव मांसाचं असेल तर ठीक, पहिली तीन नावं मैदा, साखर आणि ग्लिसरीन असतील तर ते रंगवलेलं बिस्कीट आहे. किंमत पाकिटावरची बघू नका, किलोमागची काढा, मग डोळे उघडतात. चघळायच्या कातड्याच्या कांड्या शिकवणीच्या कामाच्या नाहीत, एक कांडी संपेपर्यंत आपली शिकवणी संपते.

“गावठी कुत्र्याला काय होतंय, ते उकिरड्यावर जगतं,” हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त ऐकावा लागतो. उकिरड्यावर जी जगली ती आपल्याला दिसतात, मेली ती दिसत नाहीत. मूत्रपिंडाला जात कळत नाही. उलट गावठी आणि कारवानी या शिकारी जातीची कुत्री मुळात सडपातळ असतात, त्यांच्यावर दोन किलो चढलेले घरच्यांच्या लक्षातही येत नाहीत. जतकडच्या कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या की शहरातली माणसं ‘उपाशी दिसतंय’ म्हणून बिस्किटं चारायला लागतात. तो त्याचा बांधाच आहे.

## जन्मभर खाऊ वाटत बसायचं का?

नाही. काम पक्कं झालं की पगार अनियमित करायचा. इथे मटक्याचं उदाहरण देते, सासऱ्यांसमोर देत नाही. मटका लावणारा रोज हरतो तरी रोज चिठ्ठी लावतो, कारण मधूनच एकदा लागतो आणि कधी लागेल ते माहीत नसतं. रोज ठरलेले दहा रुपये मिळाले असते आणि एक दिवस बंद झाले असते, तर त्याने दुसऱ्या दिवशी नाद सोडला असता. कुत्र्याचंही तसंच. ‘बस’ दहापैकी नऊ वेळा जमायला लागलं की कधी दुसऱ्या वेळी, कधी पाचव्या वेळी, कधी लागोपाठ दोनदा तुकडा. मधल्या वेळी “हां, शाब्बास”, कानामागे खाजवणं, चेंडू. दार उघडून फिरायला नेणं हाही पगारच, आणि फुकटातला. फक्त ‘ये’ या हाकेचा पगार मी अजून एकदाही बुडवलेला नाही.

आणि जाड होतंय की नाही हे कळायला काटा लागत नाही. हाताची मूठ करा आणि बोटांच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवा. बरगड्या अशा टोचत असतील तर कुत्रं हडकलंय. तळहातावरून फिरवा : हाडं अशी मांसात बुडालेली लागत असतील तर खाऊ कापा. पंजा सरळ धरून मागच्या बाजूने बोटांच्या पेरांवर फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर प्रमाण बरोबर.

सासूबाई हे रोज संध्याकाळी करतात. एका हाताने स्वतःची पेरं चाचपतात, दुसऱ्याने ठकीच्या बरगड्या, आणि मग बटवा हलवून विचारतात, “आज किती ऱ्हायलेत गं?” बेदाण्याचा पुडा आता देवघराच्या वरच्या फळीवर असतो. तिथे धाकट्याचा हात पोचत नाही, ठकीचं नाक पोचतं.